भेटवस्तूंची देवाणघेवाण हे प्रेम मानावे की व्यवहार?

लग्नकार्यात आणि सणावारी होणारी देवाणघेवाण हे खरे प्रेम असते की छुपा आर्थिक व्यवहार, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याचा रहिवासी आहे. येथील मराठी घरांना आपला आहेर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा चांल्लो अशा दोन्ही रीती सांभाळाव्या लागतात, त्यामुळे या प्रश्नावर बोलण्याचे थोडे धाडस करतो.

चांल्लो म्हणजे गुजराती लग्नात रोख रक्कम देण्याची पद्धत. मांडवाच्या दाराशी घरातले एखादे विश्वासू माणूस वही घेऊन बसते आणि येणाऱ्याचे नाव, गाव व रक्कम त्याच्या देखत लिहून घेते. त्यात कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. ही वही लग्नानंतर जपून ठेवतात. पुढे त्या पाहुण्याकडे कार्य निघाले की ती कपाटातून बाहेर येते, आणि मागे त्यांच्याकडून एकशे एक रुपये आले असतील तर तेवढेच पाकिटात घालून कोणी जात नाही. मधल्या काळातली महागाई, नात्यातली जवळीक आणि आपली ऐपत पाहून नवा आकडा ठरतो. आर्थिक अंगाने पाहिल्यास ही एक बिनव्याजी भिशीच आहे, कारण ज्या घरावर एकदम मोठा खर्च आला त्या घरी नेमकी त्याच वेळी थोडीथोडी रक्कम जमा होते. मात्र भिशीचा थकलेला हप्ता मागता येतो, चांल्लो मागता येत नाही. मागण्याचा हक्क नाही आणि तरीही परतफेड होते, यावरच नात्याची पत ठरते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास हेच सूत्र मांडले होते: देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने आहेत, जरी वरकरणी सारे स्वेच्छेने चाललेले दिसत असले तरी. त्यांच्या विवेचनात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरील कुला प्रथेला मोठे स्थान आहे. तेथे तांबड्या शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने बेटाबेटांवरून फिरत राहतात, आणि ती कायमची कोणी ठेवून घेत नाही. हे वाचून मला आमच्याकडच्या ओटीतले ब्लाउजपीस आठवल्याशिवाय राहिले नाहीत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मिळालेले कापड शिवायचे की पुढे फिरवायचे, हे घरातल्या बायका घडी हातात घेताच ठरवतात. फिरणाऱ्या कापडाला बाजारात फारशी किंमत नसते, पण ते ज्या घरांतून जाते त्या घरांचे येणेजाणे टिकते.

आपल्या कायद्यालाही भेट आणि व्यवहार यांत फरक करावा लागला आहे. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम भेट मिळाल्यास ती करपात्र ठरते, परंतु लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींना सूट आहे. दुसरीकडे, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतर १९८५ च्या नियमांनी लग्नातील भेटींची यादी करणे बंधनकारक केले. जेथे मागणी आधी होते आणि ओघ सदैव एकाच घराकडे वाहतो, तेथे त्याला आहेर म्हणणे ही फसवणूक आहे, मग तो कितीही ताटांत सजवून मांडलेला असो.

अलीकडे पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात. त्यात पाहुण्यांना खर्चातून मोकळे करण्याचा हेतू असतो, हे मान्य आहे. तरीही हे वाक्य मला पूर्ण निर्मळ वाटत नाही, कारण ज्याला कोणाचेच देणे अंगावर नको तोच ते सहज छापू शकतो. आणि ज्या आत्याने किंवा मावशीने वर्षानुवर्षे आपल्याकडचा आहेर घेतला, तिला तो फेडण्याची संधी आपण परस्पर नाकारतो. अशा पत्रिकेवरच्या सूचनेला न जुमानता ती चांदीचे फुलपात्र घेऊन आलीच, तर ते मुकाट्याने घ्यावे, असे मी आमच्या घरी सांगून ठेवले आहे.