विचारा की! : कातळावर हात भरून येतात ते कशानं?

प्रश्न : सर, डिसेंबरात आम्ही चौघंजण बदामीला क्लाइंबिंगला गेल्तो. पहिले आठ-दहा मीटर काय वाटलं नाही, मग मनगटापासून कोपरापर्यंत हाताचा असा दगड झाला की बोटं धड मिटनात की धड उघडनात. दम लागला नव्हता, पाय पण ठीक होते. मी रोज पाच किलोमीटर पळतो, मग हातच का गेले? मित्र म्हणतोय ऑक्सिजन कमी पडला आणि लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं. पण बदामीच्या एवढ्या मोकळ्या हवेत ऑक्सिजन कमी कसा पडंल? (वय २१, खानापूर)

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं बघ, कारण सगळी गंमत तिथंच आहे. हवेत ऑक्सिजन भरपूर होता, फुप्फुसात भरपूर, रक्तात पण भरपूर. फक्त ते रक्त तुझ्या हातात पोचत नव्हतं, आणि त्याला अडवत होतास तूच.

आधी एक गोष्ट, बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. बोटांत नुसत्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. त्या दोऱ्या ओढणारे मोठे स्नायू मनगट ते कोपर या भागात बसलेत. आता तू होल्ड, म्हणजे कातळावरची धरायची खाच-कंगोरा, घट्ट पकडलास की हे स्नायू आवळून तसेच राहतात, आत-बाहेर हालचाल काय नाही, नुसती ओढ. आवळलेल्या स्नायूच्या आतला दाब वाढतो आणि त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. शेतात पाणी सोडलेल्या पाइपवर पाय ठेवल्यावर जे होतं तेच. साधारण आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या वर जोर गेला की बऱ्याच जणांचा हा नळ जवळजवळ बंदच होतो, कुणाचा थोडा आधी कुणाचा थोडा नंतर. पळताना असं होत नाही, कारण पोटरी आवळते-सुटते आवळते-सुटते, आणि त्या सुटण्यात रक्त आत शिरतं. म्हणून तुझं रोजचं पाच किलोमीटर हृदयासाठी लाख चांगलं असलं तरी कातळावर हाताला त्याचा फारसा उपयोग नाही. पंप चांगला आहे रे, पाइप दाबलाय त्याला तो काय करणार.

मग अडकलेल्या स्नायूनं काम चालवायचं कशावर? स्नायूत तयार एटीपी, म्हणजे पेशीचं थेट वापरायचं इंधन, असतं ते दोन-तीन सेकंदांचं. ते संपत आलं की क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा ते पुन्हा भरून देतो, हा पण साधारण दहा सेकंदांचा मामला. त्यानंतर ग्लायकोजेन फोडायचं, म्हणजे साठवलेली साखर, आणि ती पण ऑक्सिजनशिवाय. यालाच पुस्तकात विनॉक्सिश्वसन म्हणतात. एका ग्लुकोजमागं यातून हाती पडतात निव्वळ दोन-तीन एटीपी, तेच ऑक्सिजन असता तर तिसाच्या आसपास मिळाले असते. म्हणजे धंदा तोट्याचा, पण रोख आहे आणि झटपट आहे, उधारीवर थांबायला वेळ नसतो तेव्हा हाच चालतो.

आता लॅक्टिक अ‍ॅसिडकडं येऊ, कारण त्याला उगाच बदनाम केलंय असं माझं मत आहे. साखर फोडताना एनएडी नावाचा एक रेणू लागतो, तो भरला की रिकामा करायला पाहिजे नाहीतर पुढची साखर फुटणारच नाही. ऑक्सिजन असला की तो दुसरीकडं रिकामा होतो, नसला की साखर फुटून झालेल्या पायरुव्हेटवर त्याचं ओझं उतरवतात आणि त्या पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप. म्हणजे लॅक्टेट तयार होतंय म्हणूनच तर तुझा हात आणखी अर्धा-एक मिनिट चालला! हेच आम्ल दह्यात असतं, शेले नावाच्या केमिस्टनं १७८० साली आंबलेल्या दुधातूनच ते पहिल्यांदा वेगळं काढलं, म्हणून त्याला दुग्धाम्ल.

मग बदनामी कुठून आली? १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाचे स्नायू कापून घेऊन ते थकेपर्यंत आवळायला लावले आणि बघितलं की लॅक्टिक आम्ल वाढतंय, ऑक्सिजनमध्ये ठेवलं की कमी होतंय. पुढं हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंच्या कामाबद्दल १९२२ चं नोबेल मिळालं, आणि हळूहळू लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की थकवा म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड. पण चोरी झाली तिथं जो दिसला तोच चोर, असं कसं? नंतर कळलं की थंड केलेल्या स्नायूवर आम्लाचा परिणाम जोरदार दिसतो, पण प्रयोग जसा शरीराच्या तापमानाकडं न्यावा तसा तो बराच कमी होतो. आणि सगळ्यात भारी पुरावा वेगळाच आहे. १९५१ साली मॅकआर्डल या डॉक्टरनं एक पेशंट नोंदवला, त्याच्या स्नायूंना ग्लायकोजेन फोडताच येत नव्हतं. व्यायाम केला तरी रक्तात लॅक्टेट वाढायचं नाही. लॅक्टेटच चोर असतं तर हा माणूस न थकता दिवसभर काम करत बसला असता. उलट तो आपल्यापेक्षा लवकर थकायचा, दुखायचं, स्नायू अखडायचे.

मग खरं कोण? एकटा कोण नाही, टोळी आहे. क्रिएटिन फॉस्फेट फुटलं की सुटा फॉस्फेट साठत जातो आणि हा बराच मोठा गुन्हेगार मानतात. तो स्नायूतल्या धाग्यांची पकड ढिली करतो, आणि शिवाय स्नायू आवळायचा इशारा देणारं कॅल्शियम असतं ते पेशीतल्या त्याच्या साठ्याच्या पिशवीतच अडकवून ठेवतो. त्यात पोटॅशियम पेशीतून बाहेर पडून साठतं, त्यामुळं मेंदूचा निरोप आतपर्यंत नीट पोचत नाही. आम्लता पण वाढते, तिला पूर्ण निर्दोष सोडलंय असं नाही, फॉस्फेटबरोबर मिळून ती पण आपला हात मारून घेते. एवढं होऊन एटीपी काय शून्यावर येत नाही हां, त्याच्या आधीच स्नायू स्वतःला मंद करून घेतो. आणि तो दगडासारखा फुगलेपणा? आत साठलेल्या पदार्थांकडं पाणी ओढलं जातं, आणि पकड सोडल्यावर रक्त धावत येतं, त्यानं हात टम्म होतो.

करायचं काय ते सांगतो, पण आधी माझी फजिती. बदामीलाच, लाल वालुकाश्म, ढिगानं माकडं, आणि मी एका चांगल्या मोठ्या खोबणीला असा लटकलेलो की जणू ती कोण पळवून नेणार आहे. खाली बेले द्यायला, म्हणजे माझी दोरी सांभाळायला, गदगचा एक मित्र, तो आपला ओरडतोय "निधान, निधान!", म्हणजे कन्नडमध्ये सावकाश, मी अजूनच घट्ट. कातळात ठोकलेल्या चौथ्या बोल्टला दोरी क्लिप करायला एक हात सोडला आणि दुसरा हात आपोआप उघडला, मी डोळ्यानं बघत होतो बोटं उघडताना, काही करता आलं नाही. पडलो दोरीवर. खाली आल्यावर तो म्हणाला, तू दगडाशी कुस्ती खेळत होतास. बरोबरच होतं त्याचं, आमच्या गल्लीत तालीम, लहानपणापासून वस्तादांनी एकच शिकवलं, पकड सोडायची नाही! कातळावर नेमकं उलटं. पडणार नाही एवढीच पकड, त्यापेक्षा तिळभर जास्त नाही. जोर निम्म्याखाली राहिला तर नळ थोडा तरी उघडा राहतो, सगळा हिशोब तिथं आहे.

बाकी गोष्टी त्यातूनच निघतात. हात सरळ ठेव, कोपरात वाकवून लटकलास तर दंड पण उगाच खर्च होतात. वजन पायावर टाक, पायाचे स्नायू मोठे आहेत आणि फुकट मिळालेत. चांगला होल्ड मिळाला की एक हात खाली सोडून झटक, मग थोडा वर धर, मग पुन्हा खाली. खाली असताना रक्त येतं, वर धरल्यावर वापरलेलं रक्त परत जायला सोपं पडतं. अवघड जागा थांबून विचार करत बसायची नाही, ती खालूनच बघून ठेवायची आणि भरभर पार करायची, विश्रांती सोप्या जागी. आणि श्वास रोखू नकोस, नवीन पोरं सगळी श्वास रोखतात, मी पण रोखायचो.

सरावाला एकदम सोप्या कातळावर किंवा क्लाइंबिंगच्या कृत्रिम वॉलवर वीस-तीस मिनिटं न उतरता चढत-उतरत-आडवं जात राहायचं, हात थोडे कोमट होतील पण भरणार नाहीत एवढंच. महिन्या-दोन महिन्यांत त्या स्नायूत बारीक रक्तवाहिन्या वाढायला लागतात, आणि पकड सुटल्या सुटल्या रक्त जोरात आत शिरायला शिकतं. सरावलेल्या क्लाइंबरचा फरक तिथंच असतो, दोन होल्डच्या मधल्या अर्ध्या सेकंदात पण त्याचा हात पिऊन घेतो. फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी लटकायच्या सरावाच्या फळीला, पहिलं वर्षभर तरी लोंबकळू नकोस. स्नायू महिन्यात वाढतात, बोटातले बंध फार सावकाश, आणि तुटले की हंगाम गेला. आणि हो, पाऊस पडून गेल्यावर वालुकाश्मावर चढायचं नाही, ओला झाला की तो कमजोर होतो आणि होल्ड हातात येतात.

प्रश्न : मी दहावीला आहे, मराठी मीडियम. आमच्या सायन्सच्या पुस्तकात लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळं गोळे येतात असं दिलंय. तुमच्या मागच्या अंकातल्या उत्तरात वेगळं होतं. परीक्षेत काय लिहू? (निपाणी)

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलं लिही बाळ, मार्क पुस्तकवाल्यांच्या हातात आहेत. पण डोक्यात एवढं ठेव की रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा कुणी पळत नसतं, मग अ‍ॅसिड आलं कुठून? गोळा येणं हा बराचसा नसा आणि स्नायू यांच्यातल्या इशाऱ्यांचा गोंधळ असतो. आणि अजून एक, यीस्ट ऑक्सिजनशिवाय साखर फोडतं तेव्हा अल्कोहोल करतं, आपला स्नायू लॅक्टेट करतो, हे दोन रस्ते पुस्तकात शेजारी-शेजारी दाखवलेत ते मात्र एकदम बरोबर आहे, ती आकृती येतेच परीक्षेला.

प्रश्न : दोन म्हशी आहेत, दोन्ही वेळची धार मीच काढते. दुसरी म्हस निम्मी झाली की हात भरून येतात, बोटं आवळत नाहीत. सून म्हणती मशीन घ्या. हा काय आजार आहे का? (बैलहोंगल तालुका)

उत्तर : मावशी, वरती त्या खानापूरच्या पोराला जे सांगितलं ते तुमचंच उत्तर आहे, आणि खरं सांगू का, तुमचे हात त्याच्यापेक्षा तयार आहेत. धार काढताना मूठ आवळते-सुटते, म्हणून तुम्ही एक आख्खी म्हस पार पाडता, तो आठ मीटरात गेला. मूठ सुटती तेव्हा पूर्ण सोडत जा, अर्धवट आवळलेली ठेवू नका. पहिली झाल्यावर पाच मिनिटं हात खाली सोडून झटका, पाणी-बिणी द्या म्हशीला तेवढ्यात, मग दुसरी. तेवढ्या वेळात क्रिएटिन फॉस्फेटचा साठा बहुतेक भरून येतो. पण रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, अंगठा-तर्जनी बधिर होत असतील, हातातून वस्तू पडत असतील तर ते थकव्यातलं नाही, मनगटात नस दबत असेल, डॉक्टरांना दाखवा. मशीनबद्दल सुनेचं ऐकायला हरकत नाही.

प्रश्न : राजहंसगडावर पळत चढ-उतार केली, त्या दिवशी काय नाही, दोन दिवसांनी मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरता येईना. हे साठलेलं अ‍ॅसिड मालिश करून काढायचं का? कुणी सांगितलं खायचा सोडा पाण्यातून घेतला की अ‍ॅसिड मरतं. (अनगोळ)

उत्तर : साठलेलं काय राहिलेलंच नसतं. लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, दुसरे स्नायू जाळतात, उरलेलं यकृतात जाऊन परत ग्लुकोज होतं. हे चक्र शोधणाऱ्या कोरी नवरा-बायकोला १९४७ चं नोबेल मिळालं. दोन दिवसांनी दुखतं ते उतरल्यामुळं. उतार उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, आणि तिची सूज-दुखी एक ते तीन दिवसांत वर येते. मालिशनं बरं वाटतं, करा, पण त्यातून अ‍ॅसिड निघत नाही. पुढच्या आठवड्यात परत गेलात तर निम्मं पण दुखणार नाही.

सोड्याचं मात्र अगदीच खोटं नाही. एक ते दहा मिनिटांच्या जोरकस खेळात त्यानं थोडा फायदा होतो असं प्रयोगात दिसलंय, रक्तातली आम्लता तो आवरतो. पण त्याला लागणारा डोस पोटाला असा झोंबतो की बऱ्याच जणांची धावाधाव वेगळ्याच दिशेला होते. बीपीवाल्यांनी तर नकोच, सोडियम आहे ते. गोळी सोडा प्या त्यापेक्षा, फायदा नाही पण मजा आहे.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये स्पीड क्लाइंबिंगवाले हात न भरता वर कसे जातात? (चिकोडी)

उत्तर : भरायला वेळच मिळत नाही! पंधरा मीटरची भिंत, २०२४ ला पॅरिसमध्ये पुरुषांचं सुवर्णपदक ४.७५ सेकंदांत गेलं. एवढ्यात तयार एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटवरच काम होतं, साखरेचा कारखाना जेमतेम चालू होतोय तोवर हा वर जाऊन घंटी मारून मोकळा. लीडवाल्यांना, म्हणजे दोरी अडकवत जमेल तेवढं उंच जाणाऱ्यांना, मात्र सहा मिनिटं असतात, त्यांचं बघा, मध्येच थांबून आळीपाळीनं हात झटकत असतात ते. टीव्हीवर लोकांना वाटतं हा थांबला का, घाबरला का. नळ उघडून बसलेला असतो तो.