ग्रुप बंद केला? आधी ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते बघा

घोडबंदरच्या तुमच्या सोसायटीत टँकरच्या बिलांवरून खडाजंगी झाली आणि सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असं करून टाकलं. वर ‘कायदेशीर जबाबदारी माझी’ ही सबब. वेगळा ग्रुप काढावा का, असं विचारताय.

सबब लंगडी आहे. कुणी आक्षेपार्ह काही टाकलं, तर समान हेतू असल्याशिवाय निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. सेक्रेटरींना हे गोडीत सांगा.

नवा ग्रुप खुशाल काढा. पण ग्रुप उघडणाऱ्याला बाकीचे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत, तेव्हा किल्ली फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल.

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ग्रुपवर रोज महाभारत चालायचं आणि खरी किल्ली भलतीकडेच होती. जुन्या खजिनदारांनी सोसायटीचा ईमेल स्वतःच्या मोबाइलवर उघडलेला. ते मुलाकडे राहायला गेले, नंबर बंद झाला, पासवर्ड कुणालाच आठवेना आणि नवा करायचा तर ओटीपी त्याच बंद नंबरवर. ऑडिटरची पत्रं, लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचे कागद, सगळं त्यात अडकलं. दोन महिने आम्ही आमच्याच दाराबाहेर! माणूस अगदी सज्जन, मनात काही नव्हतं. तरी कमिटीपेक्षा त्यांच्या बंद पडलेल्या सिमची सत्ता जास्त. गेटवरच्या व्हिजिटर अ‍ॅपचं लॉगिन कुणाकडे आहे, तेही विचारून ठेवा. कुणाकडे कोण कधी आलं, हे त्याला ग्रुपवर चकार शब्द न काढता कळतं.

मोठ्या कंपन्यांचीही हीच गत. ४ ऑक्टोबर २०२१ला दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडने फेसबुकची डेटा सेंटरं इंटरनेटपासून तुटली आणि व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं सुमारे सहा तास ठप्प झालं. इंजिनिअरांची दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, तीही गेली. (आमच्या सोसायटीला त्या रात्री छान झोप लागली, हे वेगळं.)

तेव्हा सर्वसाधारण सभेसाठी लेखी विषय द्या: सिम संस्थेच्या नावावर, ईमेल, अ‍ॅप आणि ग्रुप त्याच नंबरवर, पासवर्ड बंद पाकिटात, आणि कमिटी बदलली की दफ्तराबरोबर त्यांचाही ताबा. टँकरचा हिशेब मात्र ग्रुपवर मागूच नका. ऑडिट झालेला ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सदस्याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० देतो. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. सेक्रेटरी ‘ग्रुपवर टाका ना’ म्हणाले, तर हसू आवरा.