सीसीसीत डीएनएफ आला, आता काय?

अरे, सीसीसी म्हणजे आल्प्समधली सुमारे १०० किमीची डोंगरातली रेस, तिथे शॅम्पे-लाक गावालाच थांबावं लागलं, डीएनएफ म्हणजे रेस अपूर्ण राहिली, म्हणून रागाच्या भरात लगेच दुसरी रेस बुक करू नकोस, आधी दोन-तीन आठवडे नुसता चाल, नीट झोप काढ. तुझा दम कमी पडला नाही रे, ग्राँ कोल फेरे खिंडीच्या २,५३७ मीटरवरून ला फूली गावापर्यंत जो लांबलचक उतार आहे ना त्यात मांड्या गेल्या, आपल्याकडचे बरेच जण तिथेच फसतात कारण आपण चढ मोजतो आणि उतार फुकटचा समजतो. सिंहगडाचा चढ आतकरवाडीतून साधारण ६०० मीटर, सीसीसीचा एकूण चढ ६,००० मीटरच्या आसपास, म्हणजे रविवारी लागोपाठ दोन-तीन फेऱ्या हव्यातच आणि उतरतानाही पळायचं, छोटी पावलं टाकत, हातात पोल्स (चालायच्या काठ्या) घेऊन. तिथलं चीज-सूप पोटाला झेपलं नाही तर पुढच्या वेळी राजगिऱ्याचे लाडू, खजूर बॅगेत ठेव, पण ते आधी इथल्या लाँग रनला खाऊन बघ.