फीचा तक्ता खालून वर वाचा

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे आणि मुलगा 6 वर्षांचा. दोघांच्या सध्याच्या शाळेबद्दल तक्रार अशी काही नाही. पण गेल्या महिन्यात एक खासगी आंतरराष्ट्रीय शाळा पाहून आलो आणि तेव्हापासून मुलीने तिथेच जायचा हट्ट धरला आहे. तिला जीवशास्त्र आवडतं. कधी डॉक्टर व्हायचं म्हणते, कधी परदेशात जाऊन संशोधन करायचं म्हणते. एका मुलाची वर्षाची फी आमच्या दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे. प्रवेश विभागातल्या बाई म्हणतात, ‘दोघांनाही आत्ताच घ्या, भावंडाला 5 टक्के सवलत आहे, पुढच्या वर्षी फी वाढणार आहे.’ यांचं म्हणणं, थोडं कर्ज काढू पण मुलांना मिळू दे. सासऱ्यांना हा सगळाच वेडेपणा वाटतो. माझा निर्णय होत नाही. – एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

घरात तीन मतं आहेत आणि तिघंही वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत. मुलगी शाळेबद्दल बोलते आहे, तिचे बाबा मुलांवरच्या मायेपोटी बोलताहेत आणि आजोबा पैशांबद्दल. तुमचा प्रश्न त्याहून नेमका आहे: ही फी कोणत्या वर्षापर्यंत, कशासाठी आणि कोणाकोणासाठी भरायची? तेव्हा पहिलं वर्ष बाजूला ठेवा आणि शेवटच्या वर्षापासून मागे मोजत या.

असं का, ते सांगते. अशा बहुतेक शाळांमध्ये 14 ते 16 या वयात आयजीसीएसई (दहावीच्या तोडीचा ब्रिटिश पद्धतीचा अभ्यासक्रम, बहुधा केंब्रिज परीक्षा मंडळाचा) आणि 16 ते 18 मध्ये आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा डिप्लोमा किंवा ब्रिटिश पद्धतीचं ए लेव्हल (दोन्ही बारावीच्या तोडीचे) असतं. दोन्ही टप्पे साधारण दोन-दोन वर्षांचे. टप्प्याच्या मध्येच शाळा सोडली तर दुसरीकडे तेच विषय, तोच अभ्यासक्रम मिळेल याची खात्री नसते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच अंतर्गत मूल्यमापनाची कामं सुरू होतात, ती उचलून दुसऱ्या बोर्डात नेता येत नाहीत. मुलाचं वर्ष वाया जाण्याची भीती असते. आणि फी सगळ्यात जास्त असते ती नेमकी याच शेवटच्या दोन वर्षांत. म्हणजे जिथे भरणं सर्वांत जड, तिथेच सोडणं सर्वांत अवघड. पहिल्या वर्षाची फी परवडते की नाही, यावरून म्हणूनच फारसं काही ठरत नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. तुम्ही आकडा कळवलेला नाही, तो लागतही नाही. ट्यूशन फी 100 धरा. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. शाळेकडून तक्ता आला की तुमचे घाला. बस 10, जेवण 7, गणवेश-पुस्तकं-लॅपटॉप मिळून 8, सहली आणि शाळेनंतरचे उपक्रम 5. हे दरवर्षीचे झाले 130. पहिल्या वर्षी त्यावर प्रवेश शुल्क 15, जे परत मिळत नाही, आणि डिपॉझिट 25, जे शाळा सोडताना परत मिळतं पण बहुधा बिनव्याजी. एकूण 170. तुम्ही ‘पगाराचा पाचवा हिस्सा’ म्हणता तो फक्त त्या 100 चा आहे. 130 धरले की तो 26 टक्के होतो आणि पहिल्या वर्षी 34. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणण्याइतकी वेळ नसली, तरी मसाला मोजायलाच हवा. काही शाळा इमारत निधी, तंत्रज्ञान शुल्क, इंग्रजीची जादा मदत असेही रकाने लावतात. परीक्षेची फी बहुतेक ठिकाणी वेगळी, विषयागणिक असते आणि उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घ्यायची तर तिचे पैसे आणखी वेगळे.

मग वाढ. दरवर्षी 8 टक्के वाढ धरली तर मुलीची नववीपासूनची चार वर्षं म्हणजे आजच्या फीच्या चौपट नव्हे, साडेचारपट. शेवटच्या दोन वर्षांचा दर 20 टक्क्यांनी चढा असेल, तर जवळजवळ पाचपट. तिच्या शेवटच्या वर्षाची फी पहिल्या वर्षाच्या दीडपट होते. त्याच काळात तुमचा पगार वर्षाला 5 टक्क्यांनी वाढला असं मानलं, तरी सगळे खर्च धरून तिचा वाटा 26 वरून 34 टक्क्यांवर जातो. पहिल्या वर्षी जे एकदाच भरावं लागलं असं वाटलं होतं, ते शेवटी नेहमीचं होऊन बसतं.

मुलाचं गणित तर वेगळंच आहे. त्याच्यापुढे 12 वर्षं आहेत. याच 8 टक्क्यांनी 12 वर्षांची बेरीज आजच्या फीच्या 19 पट येते, आणि तीही वरच्या वर्गांचा चढा दर न धरता. त्यावर भावंडाची 5 टक्के सवलत म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी ती फक्त दुसऱ्या मुलाच्या ट्यूशन फीवर मिळते. म्हणजे दोघांचे मिळून दरवर्षी 260 लागतात, त्यातले 5 सुटले. तुमच्या पगाराच्या हिशेबात हा एक टक्का झाला. तेवढ्यासाठी दुसऱ्या मुलाला 12 वर्षांच्या खर्चात घालायचं?

‘पुढच्या वर्षी फी वाढणार’ हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलं आहे की आता हसू येतं. वाढणारच. पण ती आत असलेल्या मुलांनाही लागू होते. लवकर प्रवेश घेतल्याने वाढ चुकत नाही, उलट एक वर्षाची फी जादा जाते. आजचा दर पुढची इतकी वर्षं कायम राहील, असं शाळा लेखी देत असेल तरच त्या घाईला अर्थ आहे. तुम्ही त्या बाईंकडे तसं पत्र मागा.

आता मुलीकडे येऊ, कारण खरा निर्णय तिचाच आहे.

डॉक्टर की संशोधन, हे 13 व्या वर्षी ठरत नाही आणि ठरवायला भागही पाडू नका. पण डॉक्टर झालीच तर कुठे शिकणार, हे तुम्ही मोठ्यांनी आत्ताच बोलून घ्या. ज्या देशात वैद्यकीय प्रवेश एकाच मोठ्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि ती परीक्षा तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमावर बेतलेली असते, तिथे आयबीची मुलं दोन अभ्यासक्रम एकदम ओढतात: शाळेचा वेगळा, परीक्षेचा वेगळा. डिप्लोमात सहा विषय असतात, बहुधा तीन वरच्या पातळीचे आणि तीन साध्या. शिवाय 4000 शब्दांपर्यंतचा शोधनिबंध, ज्ञानमीमांसेचा (आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, याचा) विषय आणि सेवा-उपक्रमांची नोंदवही. त्यावर प्रवेश परीक्षेची शिकवणी आली की मूल रात्री अकराला जेवतं आणि शिकवणीची फी तुमच्या 130 मध्ये धरलेलीही नसते. असा विचार असेल तर माझं मत सरळ आहे: आहे त्या शाळेत राहू द्या.

संशोधनाकडे, परदेशी विद्यापीठाकडे ओढा टिकला तर गोष्ट बदलते. स्वतः प्रयोग आखणं, संदर्भ देऊन लिहिणं, आपलं म्हणणं मांडून ते पुराव्याने सिद्ध करणं, ही डिप्लोमातली सवय पुढे फार उपयोगी पडते. पण ती मिळते मुख्यतः शेवटच्या दोन वर्षांत. म्हणून तुम्ही विचारलेला नाही असा एक पर्याय सुचवते. मुलीला सध्याच्या शाळेत दहावी होऊ द्या आणि मग फक्त डिप्लोमाच्या दोन वर्षांसाठी तिकडे न्या. अनेक शाळा या टप्प्यावर बाहेरची मुलं घेतात. गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्याही, जिथे आहेत तिथे, बहुधा याच दोन वर्षांसाठी असतात. फी चार वर्षांऐवजी दोन वर्षं जाते आणि तोवर तिचा कल तीन वर्षांनी पक्का झालेला असतो. तोटा नाही असं नाही. पहिले तीन-चार महिने लिखाणाच्या पद्धतीशी झगडण्यात जातील, मैत्रिणी सुटतील, घरी चिडचिड होईल. तयारी म्हणून आत्तापासून इंग्रजीत लांब लिखाण करायची सवय लावा; त्याला फी लागत नाही.

एवढं ऐकूनही नववीलाच पाठवायचं ठरलं, तर आयजीसीएसईत काही विषय ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ अशा दोन स्तरांवर असतात हे लक्षात ठेवा. ए-स्टार ते जी अशा श्रेणी असतात तिथे कोअर घेतलेल्या मुलाला जास्तीत जास्त सी मिळू शकते. गणितात आणि विज्ञानात तिला कोणत्या स्तरावर बसवणार आणि ते कोण ठरवणार, हे आधीच विचारा.

दोन्ही वाटांवर शाळेला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न जलतरण तलावाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही वरच्या पातळीवर एकाच मुलाला घेता येतात का? आयबीत कलेच्या गटातला विषय सोडून दुसरं विज्ञान घ्यायची मुभा असते. पण लहान शाळांत हे दोन विषय एकाच तासिकेला लावलेले असतात आणि मग मुभा कागदावरच राहते. विषयाला किमान किती मुलं लागतात, गेल्या वर्षी तो खरोखर चालला का, हेही विचारा. माहितीपत्रकात 22 विषय छापलेले असतात. दोन मुलांसाठी शिक्षक ठेवणं शाळेला परवडत नाही आणि विषय ऐनवेळी गळतो. या दोन विषयांचे शिक्षक इथे किती वर्षं आहेत, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. बाहेरदेशातून आलेल्या शिक्षकांचे करार अनेकदा दोन वर्षांचे असतात. तुमच्या मुलीच्या ऐन परीक्षेच्या वर्षी रसायनाचा शिक्षक बदलला, तर त्याची भरपाई कुठलीच फी करत नाही.

निकालाचा फलकही जरा थांबून वाचा. डिप्लोमा 45 गुणांचा असतो आणि उत्तीर्ण व्हायला इतर अटींसह किमान 24 लागतात. सरासरी 36 लिहिली असेल तर किती मुलांची, हे विचारा. पूर्ण डिप्लोमाला किती बसली आणि किती जणांना सुट्या विषयांवर वळवलं, यावर ती सरासरी वर-खाली होते. विद्यापीठांच्या लोगोंची भिंत दाखवतील तेव्हा प्रवेशाचे देकार आणि प्रत्यक्ष घेतलेले प्रवेश वेगळे काढायला सांगा. एका हुशार मुलाला पाच देकार आले की भिंतीवर पाच लोगो चढतात.

नावातल्या ‘इंटरनॅशनल’ला भुलू नका. ते नाव वापरायला कोणत्याही जागतिक संस्थेची परवानगी लागत नाही. आयबी ही 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालेली संस्था आहे. तिच्या आणि केंब्रिजच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. शाळा स्वतःला आयबीची ‘कँडिडेट स्कूल’ म्हणवत असेल तर शाळेने अर्ज केला आहे, मान्यता मिळालेली नाही, असा त्याचा अर्थ. अशा शाळेत ऐन शेवटच्या टप्प्याला मूल घालायची जोखीम मी घेणार नाही.

कर्जाबद्दल. तुमच्या यजमानांच्या भावनेचा आदर राखून सांगते, शाळेसाठी कर्ज नको. मुलगी खरंच परदेशी गेली तर पदवीची तीन-चार वर्षं पुढे उभी आहेत, वैद्यक असेल तर त्याहून जास्त. कर्ज काढायची ऐपत तिथे लागणार आहे. शाळेच्या फीत बचत संपवलेली घरं मी पाहिली आहेत. ज्या विद्यापीठासाठी ती शाळा घेतली, त्याचंच पत्र हातात आल्यावर पैसे नाहीत म्हणून नकार कळवावा लागतो. वर अनपेक्षित गोष्टीही असतात. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागू झाला. ज्यांची मुलं तेव्हा मधल्या वर्गात होती, त्यांच्या हिशेबात तो कुठून असणार? फी परकीय चलनात असेल तर विनिमय दराची भर वेगळी. हे सगळं पेलून थोडी जागा उरते का, ते बघा. शेवटच्या वर्षीची फी, सगळे रकाने धरून, तुमच्यापैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तरी भरता येईल, इतकी जागा मी धरते.

सही करण्याआधी करारातलं शाळा सोडण्याचं कलम वाचा. बऱ्याच ठिकाणी एक पूर्ण टर्म आधी लेखी सूचना द्यावी लागते, नाहीतर डिपॉझिट जातं किंवा टर्मची फी भरावी लागते. बदलीची नोकरी असेल तर हे कलम फार महाग पडतं.

या आठवड्यात शाळेला एक ईमेल लिहा. गेल्या तीन वर्षांचे सर्व वर्गांचे फी-तक्ते, शेवटच्या दोन वर्षांसाठीच्या शिष्यवृत्तीचे निकष आणि चालू वर्षी डिप्लोमात प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषय, या तीन गोष्टी मागा. चांगल्या शाळा तक्ते लगेच पाठवतात. ‘प्रत्यक्ष या, बोलू’ असं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा. तक्ते आले की मी वर मांडला तसा हिशेब मुलीसमोर बसून करा. 13 वर्षांच्या मुलीला टक्केवारी येते आणि तिच्यापासून लपवलेला खर्च पुढे तिच्याच डोक्यावर ओझं होऊन बसतो. मुलाचा अर्ज मात्र सध्या भरू नका. सहा वर्षांच्या मुलाला आहे ती शाळा आवडते आहे, तर त्याला तिथेच असू दे. तो 14 चा होईल तेव्हा मुलगी पदवीलाही असेल किंवा संपवतही आली असेल, आणि तेव्हा हाच तक्ता पुन्हा काढता येईल.