दोन यंत्रांच्या बोलण्यात गप्प कोणी बसायचं?

प्रश्न : आमची छोटी पुरवठा एजन्सी आहे. ऑर्डरच्या मेलना उत्तरं द्यायला एआय एजंट बसवायचा विचार आहे. समोरच्या कंपनीनेही तसाच बसवलाय. हे दोघं आपसात बोलू लागले तर त्यांना काही नियम असतात का, की बोलतच राहतील?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आवरलं नाही तर बोलतच राहतात. मी पाहिलंय.

पूर्वी मी एका कार्यालयाचा मेल-सर्व्हर सांभाळायचे. दिवाळीला गावी जाताना एका सहकाऱ्याने 'मी रजेवर आहे' असा ऑटो-रिप्लाय लावला. त्याची एक मेल एका तक्रार-नोंदणी यंत्रणेकडे गेलेली होती. तिथून पोच आली : 'तक्रार नोंदवली, क्रमांक अमुक.' त्यावर याचं 'रजेवर आहे'. त्यावर नवा तक्रार क्रमांक. सोमवारी पाहते तर मेलबॉक्स काठोकाठ भरलेला, आणि जागा नाही म्हणून एका खऱ्या ग्राहकाची मेल परत गेलेली. त्या परत गेलेल्या मेलची रुखरुख मला अजून आहे.

नियम होते, तेही जुने. १९८२ सालच्या एसएमटीपीतच, म्हणजे मेल पाठवण्याच्या मूळ नियमांतच, सांगितलंय की 'मेल पोचली नाही' असं कळवताना परतीचा पत्ता कोरा ठेवावा. म्हणजे ती सूचनाच पोचली नाही, तर पुढची सूचना पाठवायला पत्ताच उरत नाही. २००४ सालचा आरएफसी ३८३४ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज तर खास आपोआप जाणाऱ्या उत्तरांसाठीच आहे. अशा उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या, सहसा न दिसणाऱ्या माहितीत, 'ऑटो-सबमिटेड' ही ओळ घालायची, आणि समोरून ती ओळ आली की आपल्या यंत्राने गप्प बसायचं. आमच्या प्रकरणात ती ओळ एकानेही घातली नव्हती.

एजंटांसाठी वेगळे प्रोटोकॉलही, म्हणजे आपसात बोलण्याचे ठरलेले नियमही, आहेत. १९९६ साली स्थापन झालेल्या फिपा या, एजंटांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत प्रत्येक संदेशावर तो विनंती आहे, देकार आहे, नकार आहे की 'समजलं नाही' आहे, हे लिहावं लागतं. उत्तराची मुदतही घालता येते. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये आणलेल्या एटूए या एजंटांच्या प्रोटोकॉलमध्ये काम 'पूर्ण' किंवा 'अयशस्वी' ठरलं की ते बंद. पुढे काही हवं असेल तर नवं काम उघडायचं. मला ही सोय फार मोलाची वाटते.

पण तुमचे एजंट साध्या मेलवर बोलणार. तिथे हे प्रोटोकॉल नाहीत, आणि एजंटामागचं, मजकूर लिहिणारं भाषा-मॉडेल दर वेळी वेगळं वाक्य लिहितं, त्यामुळे 'तीच मेल पुन्हा आली' असं ओळखणारी जुनी गाळणीही चालत नाही. म्हणून विक्रेत्याला विचाराच : ती हेडरची ओळ तुमचा एजंट घालतो का, वाचतो का? एका ऑर्डरवर किती उत्तरांनंतर थांबून माणसाला हाक मारतो?

आणि पैसे देण्याआधी स्वतःच्याच दोन पत्त्यांवर दोन एजंट बसवा. एकाच्या नावाने दुसऱ्याला नुसतं 'धन्यवाद' पाठवा आणि अर्धा तास इनबॉक्ससमोर बसून राहा.