बोअर मारू द्या, पण त्या पानावर सही करू नका

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीला लागून आमचं तीन एकर शेत आहे. शेजारचा प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) कारखाना बंद पडलाय. तो विकत घेणारी कंपनी भूजल तपासायला आमच्या धुऱ्यावर दोन बोअर मारायचं म्हणते. एका पानाचं ना-हरकत पत्र दिलंय. त्यात 'पुढे कोणताही दावा करणार नाही' असंही लिहिलंय. दोन वर्षांपासून आमच्या विहिरीचं पाणी पिवळसर येतं. दीर म्हणतात, पाय ठेवू देऊ नका. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ते पाणी पिणं बंद करा. पिवळेपणाची कारणं अनेक असतात, पण शेजारी प्लेटिंग होतं म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची, म्हणजे क्रोमियम धातूच्या विषारी रूपाची, तपासणी व्हायलाच हवी. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला फक्त 0.05 मिलिग्रॅम आहे.

दिरांची भीती खरी आहे, तरी नकार देऊ नका. उद्या भरपाई मागायची तर पुरावा लागेल, आणि तो इथे दुसऱ्याच्या खर्चानं तयार होतोय. फक्त दाव्याची ती ओळ खोडायला लावा आणि पत्राऐवजी नीट करार करा. सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 60 प्रमाणे, तुमच्या परवानगीच्या भरवशावर समोरच्यानं खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, तर ती परवानगी सहसा मागे घेता येत नाही. सिमेंटनं बसवलेला पाइप कायमचा नाही कसा, हा वाद कोर्टात कशाला? मुदत, तात्पुरतं काम आणि शेवटी बोअर बुजवून देण्याची जबाबदारी आधीच लिहून घ्या.

बुजवणं आणि सील करणं यावर अडून बसा. पाइपभोवती बेंटोनाइटचा (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीचा) थर नीट बसला नाही तर वरची घाण त्याच भोकातून खालच्या पाण्यात उतरते. असं झालं तर नुकसान त्यांनी भरायचं, हे करारात स्पष्ट हवं.

दोन बोअरवर समाधान मानू नका. पाण्याचा उतार कोणत्या बाजूला आहे हे कळायला किमान तीन ठिकाणची पातळी लागते, आणि त्यातलं एक ठिकाण कारखान्याच्या चढाकडचं, म्हणजे जिकडून भूजल कारखान्याकडे येतं त्या बाजूचं हवं. नाहीतर प्रदूषण कारखान्यातूनच आलं हे सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहतं, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा नमुने घ्यायला लावा. पाइपमधलं साचलेलं पाणी आधी उपसायचं, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरायची. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालायचं नाही. आम्लात त्याचं रूप बदलतं आणि अहवाल फसवा येतो. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सहीशिक्क्यासह तुम्हाला मिळावा. तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत स्वतः द्या. त्यांच्या अहवालाची प्रतही तुम्हाला मिळेल, हे करारात असू द्या.

करार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण दूषित स्थळांविषयीचे केंद्राचे 2025 चे नियम संशयित जागांची दखल घ्यायला लावतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम 14 खाली जायला सहा महिन्यांची मुदत असते, आणि दोन वर्षांपासूनचा त्रास म्हणजे ती संपली असं समोरचा म्हणेल. कलम 15 खाली भरपाई आणि जमीन-पाणी पूर्ववत करून मागायला मात्र पाच वर्षं आहेत. पाणी प्रथम कधी बिघडलं, ती तारीख आठवून लिहून ठेवा.

राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनांच्या कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली सफाईचा खर्च कारखानदारांवर टाकला. त्या प्रकरणात न्यायालयानं विसंबलेला तांत्रिक अभ्यास आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा होता. नमुने नीट घेतले असतील तर अशी बाजू उभी राहते.

सातबाऱ्यावर दिरांचंही नाव असेल तर करारावर त्यांची सही लागेल, म्हणून हे उत्तर आधी त्यांना वाचायला द्या.