फोनचा क्लेम नाकारला, आता हप्ते भरायचे का थांबवायचे?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ४८,००० चा फोन फायनान्सवर घेतला, दुकानातल्या माणसाने ३,९९९ चा प्रोटेक्शन प्लान त्यातच जोडून दिला, सगळं मिळून ४,३३३ चा हप्ता, १२ महिने. आठ गेले, चार राहिलेत. पावसात बाइकवरून जाताना फोन खिशातून रस्त्यावर पडला, स्क्रीन गेली, टच अर्धाच चालतो. सर्व्हिस सेंटरने १६,८०० सांगितले. क्लेम टाकला तर आधी मेल आला की ४८ तासात कळवायचं होतं, तुम्ही सहाव्या दिवशी कळवलंत म्हणून नामंजूर. यांनी फोनवर वाद घातल्यावर दुसरा मेल, की फोनच्या आत पाणी गेल्याची खूण आहे आणि तुम्ही नुसतं "पडला" लिहिलंय, वर्णन जुळत नाही. आता हे विचारतायत की उरलेले हप्ते थांबवू का, नाहीतरी त्यांनीच फसवलंय, की फुटका फोन एक्स्चेंजमधे देऊन सरळ नवीन घेऊ? हातात पगार ३८,०००, बाइकचा हप्ता ३,२०० वेगळा, अडीअडचणीला ठेवलेले २२,०००, आणि दीड वर्षात होम लोन काढायचा विचार आहे.

हप्ते थांबवायचे नाहीत. बाकी सगळ्यावर बोलू, यावर चर्चाच नको.

राग समजतो, पण ज्यांनी क्लेम नाकारला ते वेगळे आणि ज्यांचे पैसे तुम्ही फेडताय ते वेगळे. तुमच्या कागदावर तीन पार्ट्या आहेत, फोन विकणारं दुकान, पैसे देणारी फायनान्स कंपनी आणि विमा कंपनी, आणि सही एकाच टेबलावर दहा मिनिटात झाली म्हणून आपल्याला ते सगळं एकच वाटतं. फायनान्स कंपनीने दुकानाला पैसे कधीच देऊन टाकलेत. तुम्ही हप्ता अडवलात तर विमा कंपनीला त्याची खबरही लागणार नाही. ऑटो डेबिट बाउन्स झालं की बँक चार्ज लावणार, फायनान्सवाले वेगळा लावणार, आणि खात्यात पैसे नसल्यामुळे असं डेबिट परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट २००७ च्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, चेक बाउन्ससारखाच. त्याहून महागाचं म्हणजे सिबिल, तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड. रिपोर्टमधे मागच्या ३६ महिन्यांचं पेमेंट महिन्यागणिक दिसतं, आणि तुम्ही दीड वर्षात होम लोनला जाणार, म्हणजे हे चार महिने बँकेच्या माणसाच्या समोर लख्ख दिसणार. समजा ३० लाखांचं २० वर्षांचं लोन आहे आणि स्कोअर घसरल्यामुळे ८.५० ऐवजी ८.७५ टक्क्याने मिळालं, तर महिन्याला साधारण ४७५ रुपये जास्त, पूर्ण मुदतीत १ लाख १४ हजारांच्या आसपास. आणि थांबवून हातात काय उरतं, तर १७,३३२, तेही तात्पुरते, कारण वसुलीला माणूस येणारच आहे.

एक्स्चेंजचं थोडक्यात सांगतो. फुटलेल्या स्क्रीनच्या फोनला मिळणारा भाव म्हणजे चेष्टा असते, वर नवीन हप्ता. आत्ता दोन हप्ते मिळून ७,५३३ जातात, पगाराच्या २० टक्के. त्यात आणखी ४,००० चढले की ३० टक्के, आणि मग होम लोनची एलिजिबिलिटी काढताना बँक तेच वजा करणार. घरी जुना फोन आहे, गरम होतो पण चालतो असं तुम्हीच लिहिलंय. सिम त्यात टाका, डेटाचा बॅकअप अर्धा टच चालतोय तोवरच काढून घ्या.

आता क्लेम. मला हा लढण्यासारखा वाटतो, आणि ते तुमच्या बाजूने बोलायचं म्हणून सांगत नाहीये. तुमच्या प्लानच्या सर्टिफिकेटप्रमाणे प्रत्येक क्लेमला १० टक्के तुमच्या खिशातून, म्हणजे १६,८०० मधले १,६८० तुमचे आणि १५,१२० पर्यंत त्यांचे. बदल्यात तुमचे दोन-तीन संध्याकाळचे तास आणि थोडं डोकं जाईल, वकील लागणार नाही.

आधी एक गोष्ट तपासायची असते ती तुमच्या बाबतीत चांगली निघालीय. बाजारात प्रोटेक्शन प्लान नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खरा विमा, ज्यावर विमा कंपनीचं नाव, इर्डाइचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर आणि पॉलिसी नंबर असतो, आणि दुसरा नुसता सर्व्हिसचा करार, एखाद्या कंपनीने दिलेलं वचन, त्याला विम्याचे नियम लागत नाहीत आणि तिथे भांडायची जागा म्हणजे ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे ग्राहक आयोग. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन पानांचं सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स आहे, विक्रेत्याच्या नावावर ग्रुप पॉलिसी आणि त्यात तुम्ही विमाधारक, म्हणजे विमा आहे.

त्यांचं पहिलं कारण, उशीर. इर्डाइने २० सप्टेंबर २०११ च्या सर्क्युलरमधेच विमा कंपन्यांना सांगितलंय की कळवायला उशीर झाला एवढ्यावर खरा क्लेम नाकारू नका, उशिराचं कारण बघा, आणि वेळेत कळवला असता तरी जो नाकारलाच गेला असता असाच क्लेम नाकारा. सुप्रीम कोर्टाने २०२० मधे एका गाडीचोरीच्या केसमधे, पोलिसात लगेच तक्रार दिली होती पण कंपनीला उशिरा कळवलं होतं, तिथे नुसत्या उशिरावर क्लेम नाकारणं चूक ठरवलं. ती गाडीची केस होती, फोनची नाही, हे खरं, पण मुद्दा तोच आहे. तुम्हाला सहा दिवस का लागले ते मात्र लिहा. दुकानदाराने "आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा" म्हणून पाठवलं आणि तिथे चार दिवस गेले हे तुम्ही मला सांगितलंत, कंपनीला सांगितलेलं दिसत नाही. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरने फोन घेताना दिलेल्या कागदावर, तारीख असेल, तोच पुरावा.

दुसरं कारण जास्त गंमतशीर आहे. सिमच्या खाचेत एक बारीक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते, त्यावरून ते म्हणतायत पाणी गेलं. पट्टी लाल झाली म्हणजे पाणी लागलं एवढं कळतं, कधी लागलं ते पट्टी सांगत नाही. आणि सर्टिफिकेटच्या दुसऱ्या पानावर "अपघाती व द्रवामुळे झालेलं नुकसान" हे कव्हरमधेच आहे! म्हणजे पाण्यामुळे खराब झाला असं धरलं तरी पैसे त्यांनीच द्यायचे. त्यामुळे त्यांना खरा आक्षेप पाण्यावर घेता येत नाही, तुमच्या वर्णनावर घेतायत, की हा माणूस एक सांगतो आणि फोन दुसरं सांगतो. इथे थोडी चूक तुमचीही आहे. भर पावसात ओल्या रस्त्यावर पडला हे क्लेम फॉर्ममधे यायला हवं होतं, तुम्ही "पडला" एवढंच टाकलंत, बहुतेक दुकानातल्या पोराने "पाण्याचं लिहू नका, रिजेक्ट होतं" असं सांगितलं असेल, ते सगळ्यांनाच सांगतात. आता जे झालं तेच लिहा. त्यात भर घालू नका, फोन बुडाला वगैरे काही नको, कारण विम्यात एक खोटं वाक्य सापडलं की बाकीचं खरंही जातं.

मेल विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला करायचा, कस्टमर केअरला नाही, त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदावर असतो. मजकूर साधा ठेवा, "अमुक तारखेला पाऊस पडत असताना बाइकवरून जाताना फोन खिशातून ओल्या रस्त्यावर पडला. त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला दिला, जॉबशीट जोडली आहे. आधी उशिराचं कारण दिलंत, नंतर वर्णनाचं. नामंजुरीचं अंतिम कारण पॉलिसीच्या कलम नंबरासह लेखी द्या आणि तपासणीचा रिपोर्ट व फोटो द्या." बस. "तुम्ही चोर आहात" हे मनात म्हणा. कारण लेखी का मागायचं, तर नामंजुरीच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर नव्याने काढता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, त्यामुळे ती कारणं एकदा कागदावर बांधून घेतलेली बरी.

दोन आठवड्यात समाधान झालं नाही तर इर्डाइच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ ला फोन करा. तेही फुसकं निघालं तर विमा लोकपाल, तुमच्यासाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील चालतच नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, तक्रार ऑनलाइन करता येते. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही की तिथे जाता येतं, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला नाही पटला तर पुढचे रस्ते उघडे राहतात. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं, पण १५ हजारांसाठी तारखा घेत बसायची माझी तरी इच्छा होणार नाही. दोन्हीकडे एकदम मात्र जायचं नाही, आयोगात केस चालू असली की लोकपाल घेत नाहीत.

तुमच्या मेलमधे आणखी एक वाक्य आहे, "प्लान मला न विचारता लोनमधे घातला". हा मुद्दा खरा असू शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल लोनला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनचा सगळा खर्च मांडलेला कागद, द्यावं लागतं आणि त्यात विम्याचा खर्चही दाखवावा लागतो, तुमच्या ईमेलमधे ते पीडीएफ शोधा. पण हा विषय या क्लेममधे घालू नका. एका हाताने "प्लान मी घेतलाच नव्हता" आणि दुसऱ्या हाताने "प्लानप्रमाणे पैसे द्या", असं होत नाही. १५,१२० मिळवायचेत का ३,९९९ परत मागायचेत ते ठरवा, आणि मला वाटतं उत्तर उघड आहे.

दुरुस्ती कधी? तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत फोन उघडायचा नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सात हजारात डुप्लिकेट स्क्रीन तर अजिबात नाही, तो बसवला की पुरावाही गेला आणि क्लेमही. रिपोर्ट आल्यावरही मी तुमच्या जागी असतो तर लगेच १६,८०० घातले नसते, २२,००० मधून ते गेले की ५,२०० उरतात आणि तेवढ्यात बाइकचं साधं काम निघालं तरी क्रेडिट कार्ड काढावं लागेल. चार महिने जुना फोन ओढा. हप्ते संपले की ४,३३३ महिन्याला मोकळे होतात, त्यानंतरच्या चार महिन्यात दुरुस्तीचा खर्च भरून निघतो, आणि तोवर कदाचित क्लेमचं काहीतरी लागलेलं असेल. कामासाठी जुना फोन खरंच पुरत नसेल तर ऑथराइज्ड सेंटरमधेच करा, काम सुरू करायच्या आधी कंपनीला मेलने कळवा, बिल आणि काढलेला जुना डिस्प्ले दोन्ही मागून घ्या, म्हणजे नंतर लोकपालांकडे बिलाचे पैसे मागता येतात.

हा प्रश्न वाचून चोरीच्या क्लेमबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो. पोलिस स्टेशनला बरेचदा "मोबाइल गहाळ" अशी नोंद करून कागद हातात देतात, ती एफआयआर नसते आणि बहुतेक पॉलिसींमधे हरवलेला फोन कव्हर नसतो, चोरी असते. खरंच खिशातून मारला किंवा हिसकावला असेल तर तसंच लिहून घ्या, हिसकावणं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे. तक्रारीची प्रत मिळाली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमइआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) ब्लॉक करून घ्या, ती पावतीही क्लेमला उपयोगी पडते.

राहता राहिला पुढच्या वर्षीचा प्लान. चार महिन्यांनी रिन्यूअलचा मेसेज येईल, माझं मत नाही म्हणा. ४८,००० वर ३,९९९ म्हणजे वर्षाला ८.३ टक्के, आणि जुन्या फोनला घसारा कापून मिळणारी रक्कम दरवर्षी कमी होत जाते, प्रीमियम त्या मानाने उतरत नाही. ज्यांचा फोन वर्षाला एकदा पडतोच आणि ज्यांच्याकडे स्क्रीनचे पैसे एकदम निघत नाहीत त्यांना तो परवडतो, पण तेव्हाही क्लेम कळवायची मुदत किती तास आहे ते घेतानाच बघायचं. तुम्ही त्याऐवजी दर महिन्याला ३५० बाजूला टाका, वर्षात ४,२०० होतात, आणि फोन ठेवायला चेन असलेला खिसा शिवून घ्या.